घरी ट्रेकिओस्टॉमी: दर दोन तासांनी सक्शन करायलाच हवं का?

पारवा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट लिहिलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं लिहिते.

बाबांना (वय ६८) मेंदूत रक्तस्राव झाला होता. बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते, मग गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवली, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी केली. आता व्हेंटिलेटर सुटलाय, नळी मात्र तशीच आहे आणि आम्ही त्यांना घरी आणलंय. शुद्धीवर आहेत, सगळ्यांना ओळखतात, हसतातही. आवाज अजिबात नाही. नाकातल्या नळीने फीड देतो. कॉन्सन्ट्रेटरवरून थोडा ऑक्सिजन चालू आहे, मध्ये ती पाण्याची बुडबुड्यांची बाटली आहे.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलंय, ‘दर २ तासांनी सक्शन’, म्हणजे मशीनला जोडलेली बारीक नळी गळ्यातल्या नळीत घालून कफ ओढून काढायचा. त्याखाली फीडच्या वेळा, बाकी काही नाही. दिवसा मी आणि आई करतो, रात्री अटेंडंट ताई असतात. रात्री दोन वाजता शांत झोपलेल्या माणसाला उठवून गळ्यात नळी घालायची, मग ते लालबुंद होईपर्यंत खोकतात, डोळ्यांतून पाणी येतं, ऑक्सिमीटरचा आकडा ८७-८८ पर्यंत घसरतो आणि वर यायला वेळ लावतो. कालपासून कफाला गुलाबी झाक दिसतेय. आई म्हणते, पुरे झालं, त्यांना झोपू द्या. ताई म्हणतात, कागदावर आहे ते चुकवायचं नाही, उद्या काही झालं तर कोण जबाबदार?

कफ इतका चिकट आहे की तार निघते. ताई आधी सलाइनचे थेंब टाकतात आणि मग ओढतात. सक्शनच्या नळीच्या पाकिटावर १४ लिहिलंय, गळ्यातल्या नळीच्या पट्टीवर ८. मशीनचा काटा कुठे ठेवायचा ते कोणी सांगितलं नाही. बाहेर लोंबणारा छोटा फुगा ताई रोज सकाळी बोटाने दाबून बघतात आणि मऊ लागला की सिरिंजने थोडी हवा भरतात.

तर, दर दोन तासांनी खरंच लागतं का? नळी किती आत घालायची? आणि हा गुलाबी रंग कितपत घाबरण्यासारखा आहे?

काकांचा_पुतण्या

डॉक्टरांनी लिहून दिलंय तर करा, स्वतःच्या मनाने कमी करू नका असं माझं मत. आमच्या काकांचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र पूर्ण काढलं, गळ्याला कायमचं भोक आहे. आता ते स्वतः आरशात बघून साफ करतात. एक महत्त्वाचं, श्वास अडकला तर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावण्यात वेळ घालवू नका, सगळं गळ्यातूनच द्यायचं असतं. आम्हाला हे अगदी ठासून सांगितलं होतं.

रातपाळीवाला

रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, आयसीयूत काम करतो, बहुतेक रात्रीच. तुमच्या डॉक्टरांनी बाबांना प्रत्यक्ष पाहिलंय, मी नाही, त्यामुळे खालचं सगळं त्यांच्यासमोर ठेवा आणि मगच बदला.

आधी रक्त. कफात गुलाबी रेघा असतील तर बहुतेक वेळा सक्शनच्या नळीने आतलं अस्तर खरवडलेलं असतं. पण ताजं लाल रक्त आलं, अगदी थोडं का असेना, किंवा ही झाक एक-दोन दिवसांत गेली नाही, तर थेट रुग्णालय गाठा. श्वासनळीच्या पुढून एक मोठी रक्तवाहिनी जाते. नळीचं टोक किंवा फुगा घासून तिला भोक पडणं फार क्वचित होतं, पण झालं तर जिवावरचं असतं आणि मोठ्या रक्तस्रावाच्या आधी पुष्कळदा थोडंसं रक्त येऊन आपोआप थांबतं. त्यामुळे ‘आता थांबलंय ना’ एवढ्यावर घरी बसून राहायचं नाही.

आता घड्याळ. घरी जाणाऱ्या पेशंटांच्या कागदावर हे ‘दर २ तासांनी’ मी इतक्यांदा पाहिलंय की वैताग येतो. लिहिणाऱ्याच्या मनात ‘दर दोन तासांनी बघा’ असतं, कागदावर ‘करा’ उतरतं. बघायचं जरूर, रात्रीसुद्धा. जवळ जाऊन श्वास ऐका, छातीवर तळवा ठेवा, ऑक्सिमीटर पाहा. घरघर ऐकू येत असेल, खरखर हाताला लागत असेल, नळीच्या तोंडाशी कफ दिसत असेल, श्वासाचा वेग वाढला असेल, ते बेचैन असतील किंवा आकडा नेहमीच्या खाली असेल तर सक्शन करा. मग ते अर्ध्या तासाने करावं लागो की पाच तासांनी. यातलं काहीच नसेल तर माणसाला झोपू द्या. आई बरोबर बोलतायत. शिवाय बाबा खोकू शकतात ही तुमच्याकडची मोठी जमेची बाजू आहे. खोकून कफ नळीच्या तोंडाशी आला तर तिथेच टिपून घ्या, आत काही घालूच नका.

सक्शन कसं करायचं त्यातही दोन-तीन गोष्टी बदलायला हव्यात असं दिसतंय. सक्शनची नळी गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. पाकिटावरच्या आकड्याला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात, म्हणजे तुमची १४ नंबर जवळजवळ ४.७ मिमी जाड आहे. आतला व्यास ८ असेल तर निम्मे ४, म्हणजे १२ नंबर. आत काढ-घाल करायची वेगळी नळी बसवलेली असेल तर व्यास आणखी कमी होतो, तेव्हा पट्टीवर आयडी (आतला व्यास) म्हणून काय छापलंय ते पाहा, ७ च्या आसपास असेल तर १० नंबर वापरा. जाड नळी आत गेली की तिच्या बाजूने हवा आत शिरायला जागा राहत नाही आणि मशीन कफाबरोबर फुफ्फुसातली हवाही ओढून घेतं. तुमचा ८७ चा आकडा बराचसा त्यातून येत असणार.

किती आत? गळ्यातल्या नळीच्या लांबीइतकं, फार तर सेंटीमीटरभर पुढे. घरात जादा नळी ठेवलेली असेल (नसेल तर त्याबद्दल वेगळं बोलू) तिच्या शेजारी सक्शनची नळी धरून माप घ्या आणि तेवढ्या लांबीची पट्टी पलंगाजवळ भिंतीला चिकटवून ठेवा, म्हणजे माणूस बदलला तरी माप बदलणार नाही. ‘अडेपर्यंत घाला आणि मग ओढा’ असं पूर्वी शिकवायचे. अडते ती जागा म्हणजे श्वासनळी दुभंगते तिथला काठ, आणि तो भलताच हुळहुळा असतो. लालबुंद होईस्तोवरचा खोकला आणि गुलाबी रंग दोन्ही तिथूनच येत असावेत.

मशीनची ओढ मोठ्या माणसाला ८० ते १२० मिमी पारा, १५० च्या वर कधीच नाही. काटा लावताना नळीचं टोक बोटाने बंद करून बघा, उघड्या नळीवर दिसणारा आकडा खरा नसतो. आत जाताना ओढ बंद, बाहेर येताना चालू, आणि सगळी खेप १५ सेकंदांच्या आत. मी १० धरतो. पुढच्या खेपेआधी ऑक्सिमीटरचा आकडा मूळ जागी येऊ द्या. सुरू करण्याआधी अर्धा मिनिट ऑक्सिजन वाढवायचा का, किती, ते डॉक्टरांना विचारा. आणि नाडी एकाएकी मंदावली तर तिथल्या तिथे थांबा, श्वासनळीला टोचलं की एक मज्जातंतू हृदयाचा वेग खाली आणू शकतो.

एवढं नीट जमलं तरी काम अर्धंच झालं, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच: ‘कफ इतका चिकट की तार निघते.’ सक्शन किती वेळा यापेक्षा मला या वाक्याची काळजी वाटते.

आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा ती हवा फुफ्फुसात खोल पोचेपर्यंत ३७ अंशांची आणि वाफेने पूर्ण भरलेली होते, लिटरमागे साधारण ४४ मिलिग्रॅम पाणी. हे काम मुख्यतः नाक आणि घसा करतात. गळ्यात नळी आली की नाक-घसा वगळले गेले आणि कोरडी, थंड हवा सरळ श्वासनळीवर जाऊन आदळते. तिथल्या अस्तरावर बारीक केस असतात, ते कफ हळूहळू वर ढकलत असतात. अस्तर सुकलं की त्यांचं काम मंदावतं, कफ वाळलेल्या डिंकासारखा घट्ट होतो आणि नळीच्या आतल्या बाजूला थर धरू लागतो. ८ मिमीच्या नळीत सगळीकडून १ मिमीचा थर बसला की उरली ६ ची. हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे तिपटीच्या वर. माणूस तिप्पट अडथळ्यातून श्वास घेतोय, आणि बाहेरून बघणाऱ्याला नळी उघडीच दिसते.

तुम्ही म्हणाल, बुडबुड्यांची बाटली आहे ना! ती थंड आहे. २० अंशांची हवा वाफेने काठोकाठ भरली तरी लिटरला १७ मिलिग्रॅमच्या आसपासच पाणी धरते. हव्या असलेल्या ४४ च्या निम्मंसुद्धा नाही. ज्याचं नाक कामावर आहे त्याला ते चालून जातं, उरलेलं नाक भरून काढतं. बाबांचं नाक सध्या या वाटेवर नाही.

म्हणून डॉक्टरांकडे पहिली मागणी गरम ह्युमिडिफायरची (हवा उबदार आणि ओली करून देणारं यंत्र) करा, गळ्यावर बसणाऱ्या ट्रेकिओस्टॉमी मास्कसकट. कृत्रिम नाक म्हणतात ते एचएमई, नळीच्या तोंडावर बसणारं छोटं टोपण, फार सोयीचं असतं. बाहेर जाणाऱ्या श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवतं आणि पुढच्या श्वासाला परत देतं. पण कफ असा घट्ट आणि गुलाबी असताना मी ते आधी लावणार नाही, कफाने भिजून तेच चोंदतं. कफ पातळ झाला की दिवसा एचएमई लावता येईल. ते रोज बदलायचं, घाण झालं तर त्याआधीही. नेब्युलायझर देताना काढून ठेवायचं, आणि गरम ह्युमिडिफायरवर असताना लावायचंच नाही. सलाइनचं नेब्युलायझेशन दिवसातून किती वेळा आणि फीडमधून पाणी वाढवायचं का, हे दोन्ही विचारून घ्या. हृदय, किडनी, सोडियम यांचा हिशेब असतो, त्यामुळे पाणी मनाने वाढवू नका.

आणि तो फुगा! रोज अंदाजाने हवा भरणं आजपासून बंद. बाहेरचा छोटा फुगा म्हणजे श्वासनळीत असलेल्या मोठ्या फुग्याचा बाहेरचा प्रतिनिधी. आतला दाब २० ते ३० सेंमी पाणी एवढाच हवा. त्याच्या वर गेला की अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही, जखम होते आणि पुढे श्वासनळी तिथे अरुंद होऊ शकते. बोटाने दाबून हा दाब कुणालाच कळत नाही, मलाही नाही. किती मिली हवा भरली यावरूनही कळत नाही, कारण प्रत्येकाची श्वासनळी वेगळी. दाबमापक जोडून बघतात, मिनिटाचं काम आहे. त्याहून मोठा प्रश्न असा की व्हेंटिलेटर सुटल्यावर फुगा भरलेला हवाच कशाला? गिळण्याची तपासणी करून पुष्कळांचा तो रिकामा ठेवतात. लाळ आत जाऊ नये म्हणून भरलाय असं सांगतील, पण फुगा लाळ पूर्ण अडवत नाही, कडेने झिरपतेच. तरी स्वतः हवा काढू नका. फुग्यावर साठलेली लाळ एकदम खाली उतरते, ती आधी ओढून घ्यावी लागते.

सिस्टर_ताई

आयुष्य वॉर्डात गेलं, आता निवृत्त आहे. रातपाळीवाल्या दादांचं बाकी सगळं पटलं, पण सलाइनच्या थेंबांना इतकं वाईट ठरवू नका. घट्ट कफ थेंब टाकल्याशिवाय हलतच नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. अटेंडंट बाई चुकीचं करतेय असं नाही.

पारवा, बाळा, तू हात कसे धुतेस ते लिहिलं नाहीस. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर साबणाने, आणि स्वच्छ हातमोजे. तोंडात वापरलेली नळी गळ्यात घालायची नाही. गळ्यातली झाली की मग तोंड, उलट कधीच नाही. दात-जिभेची सफाई रोज करा, तोंडातले जंतूच पुढे छातीत उतरतात. आणि फीडच्या वेळी व नंतरही डोकं उंच ठेवा, ३० अंश तरी.

रातपाळीवाला

ताई, मी अजून थेंबांबद्दल काही बोललोच नव्हतो. पण तुम्ही विषय काढलात, तर बोलतो.

थेंबांनी कफ निघतो हे खरंय. पण पातळ होऊन निघत नाही. सलाइन आणि कफ एकमेकांत मिसळत नाहीत, दोन मिनिटांत तर नाहीच. थेंब पडल्याबरोबर माणूस जोरात खोकतो आणि त्या खोकल्याने कफ वर येतो. टाकलेल्या पाण्यातलं बरंचसं मात्र आतच राहतं आणि ऑक्सिजन खाली जातो. म्हणून रोजच्या सक्शनमध्ये थेंब नकोत असंच आता मार्गदर्शक सूचना सांगतात. एखाद्या वेळी गाठ अडकली आणि डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी. दर खेपेला थेंब लागतायत याचा अर्थ हवा कोरडी जातेय, आणि तिथे परत मी ह्युमिडिफायरवरच येणार. तोंडाच्या सफाईचं तुम्ही लिहिलंत ते माझ्याकडून राहून गेलं असतं.

पारवा

सगळ्यांचे मनापासून आभार. ईएनटीकडे जाऊन आलो, तुमची उत्तरं छापूनच नेली होती. डॉक्टर जरा हसले, पण सगळं वाचलं. दुर्बिणीने आत बघितलं, सक्शनच्या नळीनेच खरवडलंय म्हणाले, बाकी ठीक आहे. १० नंबरची नळी दिली, कारण आतल्या नळीसकट व्यास ८ पेक्षा कमी आहे. गिळण्याची तपासणी केली, फुगा रिकामा करून दिला आणि असाच ठेवायला सांगितलं. गरम ह्युमिडिफायर सुरू झालाय. काल रात्री ताईंनी दोनदाच सक्शन केलं आणि कफ तार न निघता आला.

आत आणखी एक नळी असते आणि ती फिरवून काढता येते, हे आम्हाला घरी सोडताना कोणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी काढून दाखवली तर आतून वाळलेल्या कफाचं चांगलं जाड कडं निघालं. आई तिथेच खाली बसली.

आता भीती वेगळीच आहे. रात्री ती बंदच पडली तर? किंवा नळी निघूनच आली तर? काकांच्या पुतण्याने लिहिलंय तसं तोंडावर मास्क लावायचा नाही का? आणि बाबांचा आवाज परत येईल का, हे विचारायचं डॉक्टरांसमोर राहूनच गेलं.

रातपाळीवाला

आधी मास्कचं, कारण इथे गोंधळ महागात पडेल. काकांच्या पुतण्याने लिहिलं ते काकांसाठी अगदी बरोबर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढलं की श्वासनळीचं वरचं टोक गळ्याच्या कातडीला जोडतात, तोंड-नाकाचा फुफ्फुसाशी काही संबंधच उरत नाही. बाबांचं तसं नाही. त्यांचा वरचा रस्ता शाबूत आहे, नुसता वापरात नाही. त्यांना अडचणीच्या वेळी गळ्यावरही ऑक्सिजन द्यायचा आणि तोंड-नाकावरही. ब्रिटनमधल्या नॅशनल ट्रेकिओस्टॉमी सेफ्टी प्रोजेक्टने यासाठी पलंगाच्या डोक्याशी लावायच्या पाट्याच वेगळ्या केल्यात, ट्रेकिओस्टॉमीला हिरवी आणि स्वरयंत्र काढलेल्याला लाल. तुम्हीही कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा: वरचा श्वासमार्ग उघडा आहे, नळीचा प्रकार, आकार, छेद कधी दिला, कुणाला फोन करायचा. अँब्युलन्समधून आलेल्या माणसाला तेच आधी हवं असतं.

श्वास घ्यायला झगडतायत, सक्शनची नळी आत जात नाहीये, असं झालं तर एकाने लगेच अँब्युलन्सला फोन करायचा आणि दुसऱ्याने नळीपाशी थांबायचं. तोंडावर आणि गळ्यावर ऑक्सिजन. नळीच्या तोंडावर एचएमई, टोपण, बोलण्याचा व्हॉल्व्ह जे काही असेल ते काढा. मग आतली नळी काढा. पुष्कळदा गोष्ट इथेच संपते, कारण बूच त्या आतल्या नळीत असतं आणि ते तिच्याबरोबर बाहेर येतं. ती नळी असते तीच मुळी यासाठी. धुतलेली दुसरी आतली नळी तयार ठेवा, एक आत, एक डबीत. आता सक्शनची नळी घालून बघा. गेली तर ओढून घ्या. नाहीच गेली आणि फुग्यात हवा असेल तर ती काढा, म्हणजे नळीच्या कडेने तरी हवा जाईल. तरीही श्वास नाही, तर पूर्ण नळीच काढायची. ऐकायला भयंकर वाटतं, मला कल्पना आहे. पण बंद पडलेली नळी गळ्यात ठेवण्यापेक्षा उघडं भोक आणि उघडं तोंड बरं.

नळी निघून आली तर छेद किती जुना आहे यावर सगळं अवलंबून. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत वाट पक्की झालेली नसते. तेव्हा चाचपडत परत घातली तर ती श्वासनळीत न जाता पुढच्या मांसात शिरते. त्या काळात घरच्यांनी प्रयत्नच करायचा नाही, भोकावर कापड दाबून तोंडाने श्वास द्यायचा. बाबांची वाट आता पक्की असणार, तरी डॉक्टरांकडून तसं ऐकून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः नळी बदलून बघा. पलंगाजवळ दोन जादा नळ्या हव्यात, एक याच आकाराची आणि एक एक नंबर लहान. भोक लवकर आकसतं, तेव्हा लहानच आत जाते. नळीबरोबर एक भरीव दांडी येते, तिच्या गोल टोकामुळे नळी न टोचता आत सरकते. नळी बसल्याक्षणी ती दांडी बाहेर काढायची, नाहीतर तिनेच रस्ता बंद. सोबत सिरिंज, कात्री, गळ्याची नवी पट्टी आणि हाताने दाबायची श्वासाची पिशवी. पट्टी बांधताना खाली एक बोट जाईल एवढीच सैल. बहुतेक नळ्या निघतात त्या सैल पट्टीमुळे आणि कूस बदलताना ताणलेल्या ऑक्सिजनच्या नळीमुळे. बाबांना वळवताना ती जोडणी काढून मग वळवत जा.

आवाजाबद्दल माझ्याकडे बरी बातमी आहे. स्वरयंत्र जागेवर आहे, ते आहे नळीच्या वर. श्वास नळीतूनच आत-बाहेर होतो, वर स्वरतंतूंपर्यंत हवा पोचतच नाही, म्हणून आवाज नाही. बोलण्यासाठी एकतर्फी व्हॉल्व्ह मिळतो. श्वास आत घेताना उघडतो, सोडताना मिटतो, मग हवेला नळीच्या कडेने वर, स्वरतंतूंमधून जावं लागतं. १९८० च्या दशकात डेव्हिड म्युर नावाच्या तरुणाने असा एक व्हॉल्व्ह तयार केला. त्याला स्नायूंचा आजार होता, ट्रेकिओस्टॉमीनंतर आवाज गेला होता, आणि तो ज्या उपकरणावर बोलू लागला ते आज जगभर वापरतात. पेशंटनेच बनवलेलं म्हणून मला ते विशेष आवडतं. फायदा नुसता बोलण्याचा नाही. वास पुन्हा येऊ लागतो, गिळणं सुधारू शकतं, खोकल्याला जोर येतो.

एकच नियम, आणि त्याला अपवाद नाही. फुगा पूर्ण रिकामा असल्याशिवाय व्हॉल्व्ह लावायचा नाही. फुगा भरलेला असेल तर हवा आत जाईल आणि बाहेर पडायला वाटच उरणार नाही. मिनिटभरात माणूस दगावू शकतो. तुमचा फुगा रिकामा आहे, तरी दर वेळी बाहेरचा छोटा फुगा चपटा आहे ना हे सिरिंज लावून तपासायचं, घरातल्या प्रत्येकाने. पहिल्यांदा थेरपिस्ट किंवा डॉक्टर समोर असतानाच लावा. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात. नळी श्वासनळीच्या मानाने जाड असेल तर कडेने हवा जायला जागा पुरत नाही, माणूस घाबरतो, व्हॉल्व्ह काढल्याबरोबर हवा फस्सकन बाहेर येते. तसं झालं तर लहान नंबरची नळी घालून पुन्हा प्रयत्न करतात. बाबांनी व्हॉल्व्ह सोसला, खोकला जोरदार राहिला, लाळ सांभाळता आली, की पुढे नळीचं तोंड बंद करणारं टोपण लावून दिवस-रात्र बघतात आणि मग नळी काढण्याचा विचार. काढल्यावर भोक बहुतेकांचं आपोआप भरून येतं, एक-दोन आठवड्यांत. तोवर बोलताना-खोकताना वरच्या ड्रेसिंगवर बोटांनी दाब द्यायचा.

सिस्टर_ताई

थेंबांबद्दल माझं मत अर्धं बदललं, अर्धं राहू दे. पाटीची कल्पना उत्तम. तिच्यावर ‘फुगा रिकामा’ हेही लिही गं, लाल पेनने.

पारवा

पाटी लावली, लाल पेनने. जादा नळ्या, दांडी, सिरिंज सगळं एका पारदर्शक डब्यात घालून उशाशी टांगलंय. नळी बदलण्याचा सराव डॉक्टर पुढच्या भेटीत करून घेणार आहेत, व्हॉल्व्हही तेव्हाच. एक शंका उरली, व्हॉल्व्ह लावलेला असताना बाबांना दुपारी झोप लागली तर?

रातपाळीवाला

काढायचा. झोपेत व्हॉल्व्ह नको, आणि व्हॉल्व्ह असताना माणूस जवळ हवा. काढून ठेवला की धुवून हवेवर सुकू द्या, गरम हवा मारू नका, आतली चकती वाकते. व्हॉल्व्ह लागला असताना एचएमई किंवा ह्युमिडिफायरचं काय करायचं ते त्या भेटीत नक्की विचारा. बहुतेक एचएमई व्हॉल्व्हबरोबर कामाचं नसतं, कारण श्वास त्यातून बाहेर पडतच नाही, मग ओल धरणार कुठून? बोलण्याच्या आनंदात हे मागे पडतं आणि कफ पुन्हा घट्ट होतो.